नावात फरक पडतो, मंडळी

"सोंड्या भुंग्याचं नाव काही का असेना, माड वाचला म्हणजे झालं," असं म्हणणारे बागायतदार बरेच भेटतात. मला ते पटत नाही.

इंडोनेशियाच्या बाली, जावा बेटांवर आपल्या सोंड्याचा भाऊबंद आहे. बहुतेक काळा, पाठीवर लाल पट्टा. त्याचं नाव व्हल्नरॅटस, आपला तो फेरुजिनियस. रंग दोघांतही कमीजास्त होतो आणि कामगंध सापळ्याच्या एकाच ल्यूरला दोघेही येतात. म्हणून २००४ साली शास्त्रज्ञांनी दोन्ही एकच ठरवले. तिथंच घोळ झाला.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियात एका पामात भुंगा सापडला. सगळे म्हणाले, फेरुजिनियस. पुढे डीएनए तपासला तर निघाला व्हल्नरॅटस, तोही बालीकडच्या भुंग्यांशी जुळणारा! २०१३ ला दोन्ही जाती परत वेगळ्या केल्या. कीड कुठून आली हे नावाशिवाय कळत नाही, मग बाहेरून येणारी रोपं अडवणार कुठली?

आमच्याकडे दुकानदार तर भुंगा न बघताच औषध देतो.

वेगळा दिसणारा सोंड्या मिळाला तर चिरडू नका. बाटलीत घाला, गाव, तारीख, झाड लिहा आणि कृषी महाविद्यालयात नेऊन द्या.