पिशवी रिकामी राहिली तर

आतड्याच्या कर्करोगात किंवा आतडे फुटल्यास मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर शौचाची पिशवी लावतात. याला कोलोस्टॉमी म्हणतात आणि पोटावरच्या तोंडाला स्टोमा. परळच्या टाटा रुग्णालयात अशा रुग्णांना शिकवण्यासाठी स्टोमा क्लिनिक आहे. पण दुखणे वेळ पाहून येत नाही, म्हणून घरच्यांनाही चार गोष्टी ठाऊक हव्यात.

एखाद-दोन दिवस पिशवीत मळ आला नाही, पण पोट मऊ आहे, वायू सरतो आहे, भूक लागते आहे, तर तो बहुधा साधा मलावरोध. पाणी वाढवावे, पालेभाजी, पपई खावी, चालावे.

मात्र राहून राहून कळा येतात, पोट टम्म फुगते, मळमळते, पिशवीत मळही नाही आणि वायूही नाही, तर आतड्यात अडथळा समजावा. कधी आधी नुसते पाणी येते. त्याला हगवण समजून ती थांबवण्याची गोळी मुळीच देऊ नये.

अशा वेळी जेवण बंद करावे. उलटी नसेल तर पाण्याचे घोट घ्यावेत. नाडी सैल करावी. स्टोमा सुजला असेल तर पिशवीचे भोक थोडे मोठे कापून ती लावावी. कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यावेत, स्टोमाभोवती हलक्या हाताने चोळावे. एरंडेल किंवा जुलाबाचे औषध घेऊ नये. स्टोमात बोट वा नळी घालू नये.

दोन-तीन तासांत उतार पडला नाही, उलटी झाली, दुखणे सतत राहिले किंवा स्टोमा काळा-निळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली असतील किंवा स्टोमाशेजारी हर्निया झाला असेल, तर चोळून ते सुटत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर जीव धोक्यात येतो. ऑपरेशन परळला झाले म्हणून पनवेल-बेलापूरहून लोकलने तिकडे निघू नका. सर्जन असलेले जवळचे रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा.

मका, ओले खोबरे, शेंगदाणे थोडेच खावेत आणि बारीक चावून खावेत.

पिशवीची लाज वाटून कित्येकजण दुखणे घरातही सांगत नाहीत, आणि मोलाचे तास त्यातच जातात. आजच घरातल्या एकाला तरी ही लक्षणे सांगून ठेवा. ऑपरेशनचे कागद कुठे आहेत, तेही दाखवा.