शेतकरी ओळख क्रमांक : माहिती विखुरलेली, पण किल्ली एकच

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. कर्जत तालुक्यातील मिरजगाव असो वा अन्य कोणतेही गाव, आधार, सातबारा आणि मोबाईल क्रमांक दिल्याशिवाय नोंदणी होत नाही. मग ही माहिती सुरक्षित आहे का?

माहिती कुठे साठते?
ॲग्रिस्टॅकमध्ये तीन स्वतंत्र संच आहेत: शेतकऱ्यांची नोंद, हंगामनिहाय पिकांची नोंद आणि गावांचे भू-संदर्भीकृत नकाशे. ही माहिती दिल्लीत एकाच ठिकाणी न ठेवता राज्यांकडे ठेवण्याची रचना आहे. त्यामुळे एक संच फुटला तरी सगळे हाती लागत नाही. मात्र ओळख क्रमांक हे तुकडे जोडतो. म्हणून ते जोडण्याची परवानगी कोणाला, हाच खरा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. खासगी कंपनीने कारण सांगून संमती घ्यायची आहे आणि दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू होतात. शिवाय अनुदानासाठी शासन काही अटींवर संमतीविना माहिती वापरू शकते. म्हणून आपली दक्षता महत्त्वाची.

काय काळजी घ्याल?
- सातबारा महाभूलेखवर कोणालाही दिसतो. फोनवर गट नंबर अचूक सांगणारा माणूस अधिकारीच असतो असे नाही.
- ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला, हे संदेशात वाचा.
- झेरॉक्सऐवजी शक्य तिथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्या.
- आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, गरजेपुरतेच उघडा.
- व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नका.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

सहायक कृषी अधिकारी व केंद्रचालकांसाठी
लाभार्थ्यांची आधार, मोबाईल व बँक खाते क्रमांकांसह यादी गावाच्या ग्रुपवर टाकू नका. सरकारी संगणकात वेगवेगळी ठेवलेली माहिती त्या एका यादीत एकत्र येते आणि मग ती परत घेता येत नाही. ग्रुपवर फक्त नाव आणि अर्जाची स्थिती कळवली तरी काम भागते.