सजीव पात्रें आणि सैल कथानक

कादंबऱ्यांविषयीं घरांतील तरुण मंडळींशीं बोलतांना एक वाक्य वारंवार कानीं पडतें: "गोष्ट तितकीशी जमली नाहीं, पण माणसें फार आवडलीं." वाक्य साधें आहे, परंतु त्यांत साहित्यशास्त्रांतील एक जुना प्रश्न दडलेला आहे. दहाव्या शतकांतील धनंजयानें 'दशरूपक' ग्रंथांत नाट्यप्रकारांचे भेद ठरवितांना वस्तु, नेता आणि रस हीं तीन गमकें मानलीं. वस्तु म्हणजे कथानक, नेता म्हणजे मुख्य पात्र. यांपैकीं नेता बळकट आणि वस्तु दुबळी असेल, तर रसाचें काय होतें? या प्रश्नाचा विचार एका अलीकडच्या उदाहरणावरून करूं.

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही चार भागांची अद्भुत प्रेमकथा २००५ ते २००८ या काळांत प्रसिद्ध झाली. तिच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्यासाठीं कथासूत्र थोडक्यांत असें: बेला ही सतरा वर्षांची मुलगी आईचें घर सोडून वॉशिंग्टन राज्यांतील फोर्क्स नांवाच्या पावसाळी गांवीं वडिलांकडे राहावयास येते. तेथें शाळेंत तिला एडवर्ड भेटतो. तो व्हँपायर, म्हणजे रक्तावर जगणारा, जरामरण नसलेला जीव आहे. मात्र त्याच्या कुटुंबानें मनुष्याचें रक्त न पिण्याचें व्रत घेतलें आहे. पुढें लांडग्याचें रूप घेऊं शकणारा जेकब हाही तिच्यावर प्रेम करूं लागतो. बेलानें माणूस राहावें कीं एडवर्डसारखें व्हावें, हा सबंध कथेचा मुख्य प्रश्न.

पात्रें खरोखर लक्षांत राहतात. बेलाचे वडील चार्ली हे गांवचे पोलीसप्रमुख. मुलीवर जीव, पण बोलून दाखविण्याची संवय नाहीं. हिमवृष्टीनंतरच्या एका सकाळीं ते लवकर उठून तिच्या गाडीच्या चाकांना साखळ्या बांधून ठेवतात, आणि तें कळल्यावर बेलाला गहिंवरून येतें. आपल्याकडील कितीतरी वडील असेच आहेत! एडवर्डचे पालक कार्लाइल हे रक्ताची तहान जिंकून डॉक्टर झाले आहेत व रुग्णांची सेवा करीत आहेत. असलें पात्र सुचणें हें सामान्य लेखणीचें काम नव्हे.

मग कथानक सैल कां? याचें कारण लेखिकेनें स्वतःच सांगितलेल्या हकीकतींत सांपडतें. २००३ सालच्या जूनमध्यें तिला स्वप्नांत एका कुरणांत बोलत बसलेली मुलगी आणि व्हँपायर दिसले. तिनें प्रथम तो प्रसंग लिहिला, तेथून शेवटापर्यंत गेली, आणि मग मागें वळून आरंभ लिहिला. म्हणजे माणसें आधीं आलीं, घटना मागाहून जुळल्या. पहिल्या भागांत खलनायक जेम्स प्रवेश करतो तो पुस्तकाचे दोन तृतीयांश उलटून गेल्यावर.

कथानक रचण्याची शक्ति लेखिकेजवळ नाहीं, असें मात्र नव्हे. दुसऱ्या भागांत एडवर्ड बेलाच्या भल्यासाठीं तिला सोडून गेलेला आहे. बेला कड्यावरून समुद्रांत उडी घेते आणि जेकब तिला वांचवितो. एडवर्डची बहीण ॲलिस हिला भविष्य दिसतें, पण जेथें लांडगेमाणसें असतात तेथें तिची दृष्टि चालत नाहीं. म्हणून तिला उडी दिसते, सुटका दिसत नाहीं. बातमी एडवर्डच्या कानीं जाते. तो बेलाच्या घरीं टेलिफोन करतो. जेकब तुटक उत्तर देतो कीं, चार्ली अंत्यविधीला गेले आहेत. अंत्यविधि दुसऱ्याच गृहस्थाचा. पण एडवर्ड तो बेलाचाच समजतो आणि प्राण द्यावयास इटलीला निघतो. येथें जेकबचा मत्सर, एडवर्डचा उतावळेपणा, बेलाचें दुःख यांतूनच संकट उभें राहतें. पात्र आणि कथानक एक झालें कीं असा प्रसंग साधतो.

चौथ्या भागांत हें सूत्र तुटतें. व्हँपायर झाल्यावर आरंभींचा काळ रक्ताची तहान आवरत नाहीं, आईवडिलांना कायमचें मुकावें लागतें, हें भय लेखिकेनें तीन भाग वाढवीत आणलेलें असतें. बेला रूपांतर पावते, आणि पहिल्या दिवसापासून तिचा संयम शाबूत! थोड्याच दिवसांत चार्ली तिच्यासमोर येऊन बसतात. लांडगेमाणसाचें मन एकाच व्यक्तीशीं आपोआप जन्माचें बांधलें जातें, हा नियम आधीं सांगितलेला आहे. पण त्याच नियमानें जेकबचें मन बेलाच्या नवजात मुलीशीं बांधलें जाऊन त्याचें दुःख क्षणांत नाहींसें होतें. शेवटीं शत्रूंची सेना चालून येते, आणि दक्षिण अमेरिकेंतून ऐन वेळीं आणलेल्या एका नव्या पात्राची साक्ष ऐकून युद्धावांचून परत जाते. नायकपक्षाच्या मुख्य माणसांपैकीं कोणाचाही केंस वांकडा होत नाहीं. चित्रपट काढणाऱ्यांनाही हें खटकलें असावें. कारण २०१२ सालच्या शेवटच्या चित्रपटांत त्यांनीं एक घनघोर युद्ध दाखविलें, आणि मग तें ॲलिसनें दाखविलेलें संभाव्य भविष्य होतें असा उलगडा केला.

याच्या शेजारीं शाकुंतल ठेवून पाहावें; तीही अद्भुत प्रेमकथाच आहे. महाभारतांतील दुष्यंताला सर्व आठवत असूनही तो शकुंतलेला नाकारतो, आणि आकाशवाणी होऊन वाद मिटतो. कालिदासानें ती आकाशवाणी काढून टाकली व त्या जागीं शाप आणि मुद्रिका घातली. शापानें राजाचा दोष झांकला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु शाप होतो तो शकुंतला पतीच्या चिंतनांत गढून अतिथीची हांक ऐकत नाहीं म्हणून. आणि मुद्रिका सांपडल्यावर राजाची सुटका होत नाहीं, उलट सबंध सहावा अंक तो पश्चात्तापांत जळतो. अद्भुत आहे, पण फुकट कांहींच मिळत नाहीं. चौथ्या अंकांत कण्वाचा आश्रम सोडतांना शकुंतला जें मागें टाकते, तें तिला पुन्हा परत मिळत नाहीं. सासरीं गेलेल्या प्रत्येक मुलीला हें समजावून सांगावें लागत नाहीं.

मेयरबाईंची शेवटची साक्ष म्हणजे कालिदासानें वगळलेली ती आकाशवाणीच होय. तिनें नुकसान होतें तें कथानकाचें नव्हे, ज्या पात्रांवर लेखिकेची एवढी माया तीं पात्रेंच उणीं पडतात. बेला धीराची आहे असें आपण चार भाग ऐकतों. पण तिच्या धैर्याची किंमत घेण्याची वेळ येतांच कथा ती माफ करते. मग धैर्य कोठें दिसावें? माणसाचा स्वभाव त्याच्या बोलण्यांत थोडा आणि त्यानें काय गमावण्याचें पत्करलें यांत अधिक कळतो. तें गमावणें घडवून आणणें हेंच कथानकाचें काम.

म्हणून घरांतील मुलींच्या हातीं अशीं पुस्तकें दिसलीं तर तीं काढून घेऊं नयेत. चार्लीसारखीं माणसें तेथेंही भेटतात, आणि वाचनाची गोडी लागणें हा लहान लाभ नव्हे. फक्त पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न विचारावा: नायिकेला जें मिळालें, त्यासाठीं तिनें काय दिलें? उत्तर सांपडलें तर कथा उत्तम. न सांपडलें तर माणसें आवडलीं असें खुशाल म्हणावें. पण त्यांची खरी ओळख अद्याप झालेली नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.