तळमजला कुणाचा?

शहराच्या मध्यवर्ती भागाचं ‘पुनरुज्जीवन’ करायचं म्हटलं की आपल्या सादरीकरणांत काय काय येतं ते आपण सगळेच जाणतो: बिडाचे दिवे, ग्रॅनाइटची बाकं, रंगवलेल्या भिंती आणि प्रवेशाशी एखादी कमान. यातलं काहीही नसताना पुण्याच्या पेठांत संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते. वास्तुरचनाकार, नगररचनाकार आणि महापालिकेतले अभियंते या मासिकाचे वाचक आहेत. पेठा कशावर जगतात हे पाहिल्याशिवाय त्यांच्या पुनर्विकासाचे नकाशे काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं आमचं मत आहे.

पेठांचा जीव तळमजल्यात आहे. रस्त्याला लागून चिंचोळे गाळे, त्यांच्यामधून आत जाणारा बोळ किंवा वाड्याचा दिंडी दरवाजा, वर बिऱ्हाडं. चार पावलं टाकली की नवं दार, नवा माल, नवा माणूस. रविवारातल्या बोहरी आळीत लोखंडी सामान, कसब्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, तुळशीबागेत राममंदिराभोवती भातुकलीपासून समयांपर्यंत सगळं. एकाच मालाची दुकानं ओळीनं असली तर धंदा मारला जाईल, असं मॉलच्या व्यवस्थापकाला वाटेल. आळीचा हिशेब उलटा आहे: इथे भाव पटला नाही तर शेजारी विचारता येतं, म्हणूनच तर गिऱ्हाईक लांबून येतं. शिवाय प्रत्येक जागेची वेळ वेगळी. मंडई सकाळची, तुळशीबाग दुपार कलल्यावरची, अप्पा बळवंत चौक जूनमधला, लक्ष्मी रस्ता दिवाळीआधीचा. अनंत चतुर्दशीला तर मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक याच लक्ष्मी रस्त्याचं सभागृह करून टाकते. दुकान दुपारी मिटण्याची पुणेरी चेष्टा पुष्कळ झाली. पण घर माडीवर असलं की जेवायला वर जाणं हीच साधी सोय असते, आणि माडीवर कुणी राहतं म्हणून दुकानं मिटल्यावरही रस्ता ओस पडत नाही.

हे सगळं आपोआप उगवलं, असा गोड गैरसमज मात्र नको. मंडईच पाहा. आधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. 1886 साली शुक्रवारात नवी इमारत उघडली, तिचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. म्हणजे मंडई हा त्या काळचा वादग्रस्त सरकारी प्रकल्पच. तो तगला, कारण इमारत वस्तीच्या मधोमध आहे, मधल्या अष्टकोनातून फुटलेल्या तिच्या बाहूंत अनेक बाजूंनी शिरता येतं, आणि तिच्याभोवती किरकोळ विक्रेत्यांना बसायला जागा राहिली. आजच्या एखाद्या बाजार-संकुलाला आपण एकच प्रवेशद्वार देतो, त्यावर सुरक्षारक्षक बसवतो आणि वरचे गाळे रिकामे का, म्हणून अहवाल मागवतो.

पानशेतच्या पुरानं 12 जुलै 1961 रोजी नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या आणि कित्येक कुटुंबं नव्या वसाहतींत गेली. त्याच वर्षी अमेरिकेत जेन जेकब्ज यांचं महानगरांच्या जगण्यामरण्यावरचं पुस्तक आलं. मिश्र वापर, आखूड गल्ल्या, दाट वस्ती यांच्या जोडीला त्यांनी जुन्या इमारतींची अट घातली, ती सौंदर्यासाठी नव्हे, भाड्यासाठी: नव्या इमारतीचं भाडं नवख्या, छोट्या धंद्याला परवडत नाही. आपल्याकडे हे काम भाडेनियंत्रण कायद्यानं केलं, पण फार महागात. कासार, बुरूड, पुस्तक बांधणारे टिकले. मालकाला मात्र कौल बदलण्याइतकंही भाडं मिळेना, आणि वाडे पावसात बसू लागले. जुन्या भाडेकराराचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा गळक्या वाड्यातल्या भाडेकरूलाही विचारावं.

तेव्हा पुनर्विकास अटळ आहे. प्रश्न आहे तो आपण मंजुरीला टाकत असलेल्या नकाशाचा. वाडा पाडला जातो आणि त्या जागी खांबांवर उभी इमारत येते. खाली स्टिल्ट पार्किंग, पुढे सामासिक अंतर, त्यात लोखंडी फाटक. कागदावर सगळं नियमात. रस्त्यावर मात्र पूर्वी जिथे पाच-सहा दारं होती तिथे मोटारींच्या पाठी दिसतात. अशी एक इमारत खपून जाते. सलग चार झाल्या की पलीकडच्या दुकानदारासमोरची वर्दळ आटते, आणि आळी मधूनच तुटते. दोन-तीन मिळकती एकत्र करून प्लॉट मोठा केला की बोळही जातो. हे काम मॉलनं किंवा ऑनलाइन विक्रीनं केलेलं नाही. त्यावर आपल्या सह्या आहेत.

सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू आहेत. माणसं पेठेत पायी येण्याची इतकी चांगली सोय यापूर्वी कधी नव्हती. अशा वेळी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात पार्किंगची सक्ती काढून टाकावी आणि तिच्या जागी दर्शनी तळमजल्यावर गाळ्यांची सक्ती करावी, अशी आमची मागणी आहे. मेट्रोलगत जादा एफएसआय देण्याचं धोरण पेठांत जसंच्या तसं लावलं, तर प्लॉट एकत्र करण्याची हाव तेवढी वाढेल. म्हणून गाळ्याच्या रुंदीला वरची मर्यादा हवी. पथारीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहेच. त्यांची जागा रस्त्याच्या छेदरेखाटनात आखा, मग पदपथ कुणाचा हे भांडण निम्मं मिटेल.

व्यापाऱ्यांची भीती आम्हाला ठाऊक आहे. महापालिकेनं 2021 पासून डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला सुरुवात केली, तेव्हाही गाडीशिवाय गिऱ्हाईक येईल का, ही शंका निघाली. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेटवर 1962 मध्ये हेच म्हटलं गेलं होतं. दोन वर्षांनी तो प्रयोग कायम झाला. पण एका दिवसाच्या उत्सवावरून धंद्याचा अंदाज येत नाही. सलग दोन-तीन महिने मोजणी करा, दुकानदारांच्या संघटनेला मोजणीत घ्या, आणि आकडे जाहीर करा.

पेठांत, किंवा नाशिक-कोल्हापूरसारख्या शहरांच्या जुन्या भागात, ज्यांनी वाड्याचा पुनर्विकास करताना रस्त्यालगतचे गाळे आणि बोळ राखले, त्यांनी तळमजल्याचा नकाशा आणि समोरच्या रस्त्याचा छेद आमच्याकडे पाठवावा. देखण्या त्रिमितीय चित्रांची गरज नाही. नियमात कुठे अडलं आणि अधिकाऱ्यानं कोणत्या कलमाखाली सूट दिली, ते मात्र सोबत लिहा. बाकीच्यांना त्याचाच उपयोग आहे.