प्रश्नचिन्हांचे पत्र



गेल्या गणेशचतुर्थीच्या सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने जपानहून आपल्या आजीला मराठीत पत्र पाठविले. मुलगी तिथे शिकावयास गेली आहे. आजींना संगणक येत नाही, म्हणून पत्र आमच्या ईमेलवर आले. उघडून पाहतो तो काय, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हे! आजी शेजारी बसून विचारीत होत्या, "काय लिहिलंय पोरीनं?" आम्ही काय सांगणार?

आम्हांला वाटले, दोष आपल्याच ब्राउझरचा. तो नवा करून घेतला. साठलेल्या कुकीज आणि जुनी पाने पुसली. क्रोम सोडून फायरफॉक्समध्ये पाहिले, शेजाऱ्यांच्या संगणकावरही पाहिले. प्रश्नचिन्हे जागची हलली नाहीत. मुलीला कळविले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, राहू द्या. यापुढे रोमन अक्षरांतच लिहिते." आम्हांला खरे दुःख झाले ते या वाक्याचे.

हा रोग जपानला जुना आहे. तिथे त्याला नावच पडले आहे, 'मोजिबाके'. मोजी म्हणजे अक्षर आणि बाके म्हणजे रूप पालटणे. भुतासाठी असलेला जपानी शब्दही त्याच धातूचा. संगणक अक्षरे नव्हे, आकडे जाणतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, याचा तक्ता पाठविणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा एकच हवा. जपानने १९७८ साली ६,८०२ चिन्हांचा तक्ता ठरविला. पण तो वापरण्याच्या तीन निरनिराळ्या रीती पडल्या. घरगुती संगणकांची एक, मोठ्या यंत्रांची दुसरी आणि ईमेलची तिसरी; या तिसरीचे नियम १९९३ साली लिहिले गेले. एका रीतीचे पत्र दुसरीने वाचले की अक्षरांचे भूत झालेच!

देवनागरीला या तिन्हींत जागा नाही. मुलीने वसतिगृहातल्या जुन्या संगणकावरून पत्र धाडले होते. त्याने जपानी तक्ता लावला, त्यात आपली अक्षरे सापडली नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून दिले. अक्षरे टपालात पडण्यापूर्वीच नाहीशी झाली होती. इथे आम्ही ब्राउझर कितीही धुतला असता तरी ती परत येणार नव्हती.

म्हणून आधी लक्षण पाहावे, मग औषध. नुसती प्रश्नचिन्हे असतील तर पत्र पुन्हा मागवावे. रिकामे चौकोन दिसले तर अक्षरे शाबूत आहेत, आपल्या संगणकात देवनागरीचा फॉन्ट नाही. निरर्थक रोमन अक्षरे दिसली तर पत्र बहुधा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहे. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. आणि फ्रेंचच्या तासाला शिकलेला उलटी मात्रा घेतलेला 'आ' पुन्हा पुन्हा दिसू लागला, मधूनमधून जपानी येनची खूणही आली, तर पत्र युनिकोडचे असून पाश्चात्त्य तक्त्याने वाचले जात आहे. ते बहुतेक वेळा सुधारता येते. पानच उघडत नसेल, तर मात्र कुकीज पुसाव्या, दुसरा ब्राउझर वापरून पाहावा.

काही पालक म्हणतील, एवढी खटपट कशाला? रोमन अक्षरे कुठेही उमटतात. खरे आहे, आणि घाईच्या निरोपाला आमची हरकत नाही. पण रोमनमध्ये 'माळ' आणि 'माल' एकसारखेच दिसतात, आणि आपल्या बेटावरच्या फ्रेंच वाचणाऱ्या मुलाला तर तिथे 'वाईट' असा तिसराच अर्थ दिसतो. ळ, ण, ठ ही अक्षरे डोळ्यांपुढून गेली की जिभेवरूनही जातात. वर्गात आठवड्यातून काही तास आम्ही ती गिरवून घेतो. घरच्या पत्रात ती आली नाहीत, तर मुलांना ती परीक्षेपुरतीच वाटणार.

जपानी लोकांनी इतकी वर्षे मोजिबाके सोसले, पण आपली लिपी टाकून दिली नाही. त्यांनी तक्ते सुधारले. १९९१ साली निघालेल्या युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे आपले काम त्यांच्याहून सोपे. घरातल्या प्रत्येक फोनवर मराठी कळफलक बसवावा आणि पत्र युनिकोडमध्येच लिहावे, एवढेच करायचे आहे.

त्या मुलीला आम्ही हेच कळविले. पंधरा दिवसांनी तिने फोनवरून देवनागरीत पत्र पाठविले. आम्ही ते छापून आजींच्या हाती दिले. लहानपणी संध्याकाळच्या वर्गात शिकलेली अक्षरे त्यांनी बोट ठेवून एकेक करून वाचली. आम्हांला वाचून दाखवावे लागले नाही.