गणवेशातली रोजंदारी

विसर्जनाची मिरवणूक असो, आषाढीची वारी असो की मतदानाचा दिवस, पोलिसाच्या शेजारी खाकी गणवेशातील आणखी एक माणूस उभा असतो. लोकांना तो पोलीसच वाटतो. शासनाच्या दप्तरात मात्र तो पोलीस नाही, सरकारी नोकर नाही आणि कामगारही नाही. तो ‘मानसेवी’ गृहरक्षक, म्हणजेच होमगार्ड आहे. ‘निष्काम सेवा’ हे त्याच्या दलाचे ब्रीद आहे. या ब्रीदवाक्याच्या आडून राज्यसंस्था आपल्याच नागरिकांशी कोणता व्यवहार करीत आली आहे, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

या दलाचा जन्म मुंबई इलाख्यातला. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर, तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि १९४७ च्या कायद्याने त्याला अधिष्ठान मिळाले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्याराज्यांतील अशा संघटना एकाच नमुन्यावर आणल्या. आज देशभरातील या दलाचे उद्दिष्टबळ सुमारे पावणेसहा लाख आहे. मूळ कल्पना निर्दोष होती. ज्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो असा शिक्षक, कारकून, वकील वा दुकानदार फावल्या वेळात कवायत शिकेल आणि संकटकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रक्षणासाठी उभा राहील, अशी ती कल्पना होती.

ज्या ब्रिटनकडून हे नाव आले, तेथे मे १९४० मध्ये नागरिकांचे असे दल उभारले गेले, तेव्हा काही समाजवाद्यांनाही त्याचे आकर्षण वाटले होते. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या टॉम विंट्रिंगहॅमने त्याच्या प्रशिक्षणासाठी ऑस्टर्ली पार्क येथे शाळा काढली, आणि जॉर्ज ऑर्वेल त्या दलात सार्जंट होता. सामान्य माणसाच्या हाती संरक्षणाची जबाबदारी येणे ही लोकशाहीकडे नेणारी वाट आहे, अशी त्यांची धारणा होती. परंतु युद्धखात्याने ती शाळा लवकरच आपल्या ताब्यात घेतली. नागरिकाचे सहकार्य सरकारला हवे असते. त्याचा पुढाकार नको असतो.

आपल्याकडे प्रश्न याहून साधा आणि याहून कठोर आहे. आज गृहरक्षक होण्यासाठी रांगा लावणारा तरुण फावला वेळ देण्यासाठी येत नाही. त्याच्याजवळ वेळाखेरीज दुसरे काही नाही, म्हणून तो येतो. कोरडवाहू शेती, अर्धवट शिक्षण आणि न मिळालेली नोकरी या तिन्हींमधून तो गणवेशापर्यंत पोहोचतो. त्याला पगार नाही, भत्ता आहे. आणि तोही बोलावणे येईल त्या दिवसापुरता. भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. कर्तव्यावर असताना पोलिसाचे अधिकार आणि लोकसेवकाची जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे, आणि हुकूम मोडल्यास शिक्षेची तरतूदही कायद्यात आहे. ज्या सेवेत आज्ञाभंग हा गुन्हा ठरतो, तिला ऐच्छिक म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात प्राण गमावलेल्यांत एक गृहरक्षकही होता. गोळीने मानसेवी आणि वेतनधारी असा भेद केला नाही.

मार्क्सने बेकारांच्या राखीव फौजेचा सिद्धांत मांडला तो कारखान्यांच्या संदर्भात. येथे तर राज्यसंस्थेनेच त्या फौजेला अक्षरशः गणवेश चढविला आहे. पोलिसांची पदे रिक्त ठेवायची, बंदोबस्ताचे दिवस आले की गृहरक्षकांना बोलवायचे, आणि दिवस संपले की घरी धाडायचे. असे केल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारच्या अंदाजपत्रकातून उचलून एका गरीब कुटुंबाच्या अंदाजपत्रकात टाकला जातो. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या बाबतीत ‘मानधन’ हा शब्द जे काम करतो, तेच येथे ‘मानसेवी’ हा शब्द करतो.

११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील गृहरक्षकांच्या खटल्यात निकाल दिला. सेवेत कायम करण्याची मागणी मान्य झाली नाही. परंतु तीस दिवसांचा भत्ता पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतका असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या तत्त्वाजवळ जाणारी वाढ महाराष्ट्रात होण्यास २०२४ साल उजाडले. दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये झाला. या वाढीचे स्वागतच केले पाहिजे. पण दर वाढला तरी दिवसांची हमी मिळाली नाही. महिन्यात दहाच दिवस काम मिळाले तर हाती १०,८३० रुपये येतात, आणि काम मिळाले नाही तर शून्य. उत्तर प्रदेशात २०१९ साली न्यायालयाच्या आदेशाने भत्ता वाढवावा लागताच २५ हजार गृहरक्षकांची पोलिसांकडील नेमणूक थांबविण्याचा आदेश निघाला; ओरड झाल्यावर सरकारने सारवासारव केली. हमीविना मिळालेला दर किती तकलादू असतो, हे त्यावरून दिसून आले.

सरकारची बाजू अशी की, एवढ्या मोठ्या दलाला बारमाही वेतन देणे तिजोरीला झेपणार नाही, आणि तसे केल्यास दलाचे ऐच्छिक स्वरूपच नष्ट होईल. दुसरा मुद्दा विचारार्ह आहे. म्हणूनच या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पूर, आग, भूकंप यांसाठी खरोखर फावल्या वेळेत येणाऱ्या नागरिकांचे दल अवश्य असावे. पण वर्षानुवर्षे नियमित बंदोबस्त करणारा माणूस हा कामगार आहे, आणि त्याला कामगाराचे हक्क मिळाले पाहिजेत.

हा प्रश्न केवळ पोटाचा नाही. स्वस्तात मिळणारी, अपुऱ्या प्रशिक्षणाची आणि पुन्हा बोलावणे यावे म्हणून वरिष्ठांच्या मर्जीवर जगणारी गणवेशधारी माणसे नागरी स्वातंत्र्यालाही धोकादायक ठरू शकतात. छत्तीसगडमध्ये मासिक ३००० रुपये मानधनावर आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवाद्यांविरुद्ध उभे केले गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. गृहरक्षक आणि ते तरुण यांच्यात अंतर पुष्कळ आहे, हे खरे. पण गरिबाच्या गरजेवर सुरक्षेची इमारत उभारण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात: वर्षातील कामाच्या किमान दिवसांची कायदेशीर हमी, अपघात व मृत्यू यांसाठी पोलिसांच्या तोडीची भरपाई, भविष्यनिर्वाह निधी, रिक्त पोलीस पदांची वेळेवर भरती आणि तीत अनुभवी गृहरक्षकांना न्याय्य वाटा. निष्काम सेवेचा उपदेश ज्याचे पोट भरलेले आहे त्याला करावा. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची चिंता आहे, त्याला आधी कामाचे दाम द्यावे.