भाग कुणाच्या नावावर?



गेल्या महिन्यात गट ऑफिसात ऊस नोंदीची यादी तपासत बसलो होतो. आपल्या कार्यक्षेत्राच्या अगदी टोकाला घाटाखाली जी ठाकरवाडी आहे, तिथली चार माणसं आली. बराच वेळ दाराशी उभी राहिली. मग त्यातला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, आमच्या वाडीला कारखान्याचा भाग घेता येईल का?" मी उत्तर देण्याआधीच बाकावर बसलेले आपले एक जुने सभासद म्हणाले, "अरे बाबा, भाग कशाला तुम्हाला? मदत पाहिजे ती मागा. चेअरमनसाहेब नाही म्हणायचे नाहीत." ते बोलले ते चांगल्या मनानेच. पण ती चार माणसं गप्प झाली आणि रामराम करून निघून गेली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. माझा भाचा ऑस्ट्रेलियात डार्विन शहरी नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा तिकडच्या आदिवासींच्या, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या, धंद्यांविषयी पुष्कळ सांगत होता. नंतर मी त्यावर मिळेल ते वाचून काढले. त्यातले जे आपल्या कामाचे वाटले ते सभासदांपुढे मांडतो.

तिकडे उत्तर भागात गुरांची प्रचंड मोठी कुरणे आहेत. तिथे गुरे राखायला आदिवासीच, पण मजुरी मात्र नाममात्र. पुष्कळदा पीठ, साखर, चहा यांवरच बोळवण. २३ ऑगस्ट १९६६ रोजी वेव्ह हिल नावाच्या कुरणावरून गुरिंजी जमातीचे सुमारे २०० लोक, बायकापोरांसह, काम सोडून चालते झाले. त्यांचे पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी. मालक होती व्हेस्टी ही इंग्रजांची बडी कंपनी. सगळ्यांना वाटले, मजुरी वाढवून दिली की परत येतील. पण त्यांचे मागणे मजुरीपुरते नव्हतेच. त्यांना आपली जमीन परत पाहिजे होती, आणि तीवर स्वतःची गुरे पाळायची होती. नऊ वर्षे ते ओढ्याकाठी ठाण मांडून बसले. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तिथे गेले आणि मूठभर माती लिंगियारींच्या हातात घातली. तीन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जमिनीचा पट्टा गुरिंजींनी काढलेल्या मुरामुल्ला कंपनीच्या नावावर झाला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती ऊसतोडीची टोळी ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. डिसेंबर १९६८ पासून या गुराख्यांना गोऱ्या मजुराइतकाच पगार द्यावा असा हुकूम लागू झाला. हुकूम न्यायाचाच होता. पण पुष्कळ कुरणवाल्यांनी काय केले? माणसेच कमी केली. मजुरी वाढली आणि काम गेले. ज्याच्या हाती मालकी नाही, त्याच्या पदरात चांगला कायदासुद्धा कधी कधी असा उलटा पडतो.

दुसरे उदाहरण चित्रकारांचे. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर वाळवंटात पापुन्या ही वस्ती आहे. १९७१ साली तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचे मास्तर होते. त्यांच्या उत्तेजनाने वडीलधाऱ्या माणसांनी आपली परंपरेची चित्रे फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली. मास्तर कितीही चांगला असला तरी तो आज ना उद्या बदलून जातोच. म्हणून १९७२ साली चित्रकारांनी पापुन्या टुला ही स्वतःची कंपनी काढली. भागधारक तेच. आज पन्नास वर्षे उलटून गेली तरी ती चालू आहे.

मालकी नसली म्हणजे काय होते हेही तिथेच दिसते. क्लिफर्ड पॉसम या चित्रकाराचे एक चित्र १९७७ साली १२०० डॉलरला एका बँकेने घेतले. तेच चित्र २००७ साली लिलावात २४ लाख डॉलरला गेले. ही वाढ मधल्या मालकांची. चित्र फिरून विकले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला शेकडा ५ देण्याचा कायदा त्यानंतर झाला आणि जून २०१० पासून लागू झाला. गुळाच्या अडत्याचा हिशेब ज्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको.

आता त्या कमाईचे झाले काय ते पाहा. पापुन्याच्याही पलीकडे किंटोर ही वस्ती आहे. तिकडे मूत्रपिंडाचा आजार फार. डायलिसिससाठी माणसाला ५०० किलोमीटरवर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाऊन तिथेच राहावे लागे, आणि घरापासून दूरच मरावे लागे. २००० साली पापुन्या टुलाच्या चित्रकारांनी चित्रे काढून सिडनीत लिलाव केला. दहा लाख डॉलरच्या वर पैसा उभा राहिला. त्यातून किंटोरमध्ये डायलिसिसचे मशीन आले आणि माणसे आपल्या वस्तीत परतली. हे दान कुणी बाहेरच्याने दिले नव्हते. आपल्या धंद्याचा पैसा आपल्या माणसासाठी कुठे घालायचा, हे त्यांचे त्यांनी ठरवले.

तिसरे उदाहरण दुकानाचे. उत्तरेला अर्नहेम लँडमध्ये पावसाळ्यात रस्ते बंद पडतात, माल बार्जने येतो आणि दर आभाळाला भिडतात. तिथल्या वस्त्यांनी १९७२ साली एकत्र येऊन आपल्या दुकानांची संस्था उभारली. २०१८ साली या संस्थेच्या काही दुकानांत १२ आठवडे एक प्रयोग झाला. गोड पेये आणि मिठाई समोर मांडायची नाही, त्यांची जाहिरात करायची नाही. साखरेचा खप शेकडा ३ च्या आसपास उतरला आणि दुकानाचा नफा काही बुडाला नाही. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते खरे! पण आपल्या लेकरांच्या तब्येतीसाठी विक्रीवर पाणी सोडायची तयारी मालकच दाखवू शकतो. परका दुकानदार ती दाखवील का?

सगळेच साधले असे मात्र नाही. गुरिंजींचा गुरांचा धंदा पुढे अडचणीत आला. वस्तीची जमीन सामाईक, ती विकता येत नाही, म्हणून बँक तारण धरत नाही. आपल्याला सातबाऱ्यावर पीककर्ज मिळते, त्यांना तो आधारच नाही. म्हणून सरकारला त्यांच्यासाठी कर्ज देणारी वेगळी संस्था काढावी लागली. १ जुलै २०१५ पासून तिथल्या केंद्र सरकारने आपल्या खरेदीतला ठराविक हिस्सा आदिवासींच्या धंद्यांकडून घ्यायचे ठरवले. लगेच बेनामी सुरू झाली. नाव आदिवासीचे, गल्ला दुसऱ्याचा. म्हणून २०२५ साली सरकारने जाहीर केले की १ जुलै २०२६ पासून निम्मी मालकी असून भागणार नाही, शेकडा ५१ लागेल. नावापुरता सभासद म्हणजे काय, हे आपल्याला परदेशातून शिकायला नको.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सात वर्षांपूर्वी याच ठाकरवाडीत मी को ८६०३२ चे बेणे उधारीवर दिले, खतही दिले. हेतू चांगलाच होता. पण वाडीत बसून कुणाला काही विचारले नाही. वाट कच्ची आहे हे ठाऊक असूनही ट्रक कसा चढणार याचा विचार केला नाही. ऊस छान आला, पण तोड मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. वजन घटले, आणि बेणे-खताची कपात जाता बिलात काही उरले नाही. आपण मात्र म्हणालो, "त्यांना शेती जमत नाही." खरे तर न जमलेले काम माझे होते. तोडणीचा कार्यक्रम ठरवताना त्या वाडीचा एकही माणूस सभासद नव्हता. मग त्यांचा ऊस आधी आणा म्हणून भांडणार कोण?

१९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले म्हणून. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी होता, पण हुशार माणूस बाहेरून येऊन शेतकऱ्याचे भले करून गेला असे झाले नाही. शेतकरी मालक झाला आणि जाणत्यांनी साथ दिली. आपल्या बापजाद्यांना जे लागू पडले ते वाडीला का लागू पडू नये?

म्हणून संचालक मंडळाला माझी विनंती आहे. ठाकरवाडीतल्या पात्र कुटुंबांना पोटनियमाप्रमाणे भाग द्यावेत आणि भागाची रक्कम हप्त्याने घ्यावी. वाट दुरुस्त होईपर्यंत त्यांचा ऊस डिसेंबरअखेर तोडण्याचा ठराव करावा. हिशेब लिहायला वाडीतलीच दोन पोरे तयार करावीत, आणि निदान पाच हंगाम आमच्या खात्याने त्यांच्या बरोबर राहावे. एका हंगामात निकाल मागू नये.

काही सभासदांचे मत वेगळे असेल. ते मोकळेपणाने कळवावे किंवा वार्षिक सभेत मांडावे. मात्र त्या सभेला ती चार माणसेही हजर असावीत, एवढे माझे म्हणणे आहे. मी त्यांना परत बोलावले आहे. भागाचे अर्ज माझ्या टेबलावर काढून ठेवले आहेत.

— ऊस विकास अधिकारी